काच आणि वात



सज्जनहो, वारकऱ्याच्या साऱ्या खटाटोपाचे सार एका शब्दात सांगावयाचे झाले तर तो शब्द ‘दर्शन’ होय. शहादा, तळोदा येथून निघालेला वारकरी तापी ओलांडतो, खानदेश मागे टाकतो, किती दिवस चालतो, ते कशासाठी? विटेवर उभे असलेले ते रूप या चर्मचक्षूंनी एकवार पाहावे यासाठी. मग त्याच डोळ्यांपुढे धुके दाटू लागले, कळस पांढुरका दिसू लागला, पोथीची ओळ हलू लागली, तर त्याच्या जिवाची काय अवस्था होत असेल? त्यातून घरात दहा-पंधरा वर्षे मधुमेह मुक्कामाला असला म्हणजे भीती दुप्पट होते. मोतीबिंदू काढावा तर साखरेचे भय. न काढावा तर अंधाराचे भय. आज या दोन भयांच्या मधोमध उभ्या असलेल्या माउलींसाठी चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम पूर्वपक्ष घेऊ. गावोगावी म्हातारी माणसे भेटतात. डोळ्यांचा विषय निघाला की आमच्या अहिराणीत म्हणतात, “महाराज, आते काय करानं डोयासनं?” वय झाले, देवाने दिले ते देवाने नेले. कोणी त्याहून पुढे जाऊन म्हणतो, “संतांना अंतर्दृष्टी होती. आपले गुलाबराव महाराज पाहा. त्यांना कुठे डोळे होते?”

शंका खोटी नाही. परंतु तिचे उत्तर गुलाबराव महाराजांच्या चरित्रातच आहे. महाराजांचा काल १८८१ ते १९१५. तान्हेपणी, नऊ महिन्यांचे असतानाच त्यांची दृष्टी गेली. ती परत येण्याचा उपाय नव्हता. तरी ते स्वस्थ बसले काय? ते इतरांकडून ग्रंथ वाचवून घेत, ऐकलेले धारण करीत, आणि अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ सांगितले. लोकांनी त्यांस प्रज्ञाचक्षू म्हटले. त्यांच्या चरित्राचा बोध असा की, जे टळत नाही ते सोसावे आणि जे करता येते त्यात कसूर करू नये. मोतीबिंदू हा टळणारा अंधार आहे. उपाय दारात असताना डोळे मिटून बसणे आणि त्याला वैराग्य म्हणणे हे काही बरोबर नाही. देह हे देवाचे भाड्याचे घर समजले तरी भाडेकरूने खिडकीची काच पुसू नये असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे?

आता हा रोग म्हणजे काय ते पाहू. डोळ्यात बाहुलीच्या मागे एक स्वच्छ भिंग असते. त्याच्याही मागे, डोळ्याच्या तळाशी, पडदा असतो. भिंगातून आलेला उजेड त्या पडद्यावर पडतो, तेव्हा आपणास दिसते. भिंग गढूळ झाले की त्यास मोतीबिंदू म्हणावे. तो वयोमानाने बहुतेकांना होतो. पण मधुमेह्याला लवकर गाठतो, कारण रक्तातील जास्तीची साखर भिंगातही उतरते, तेथे तिचे रूपांतर होऊन ती पाणी ओढून घेते आणि भिंगाचा निर्मळपणा जातो. साखर वरखाली होत राहिली की भिंग कधी फुगते, कधी ओसरते. म्हणूनच मधुमेह्याच्या चष्म्याचा नंबर मधूनमधून बदलल्यासारखा वाटतो.

एवढेच असते तर भिंग बदलले की काम झाले. परंतु मधुमेह मागच्या पडद्यालाही सोडीत नाही. पडद्यावरच्या केसासारख्या रक्तवाहिन्या त्याच्या योगाने कमजोर होतात, झिरपतात, कधी फुटतात. पडद्यावर सूज येते. आणि हे सारे मुकाट्याने चालते. ना दुखणे, ना लाली. बरेच नुकसान होईपर्यंत माणसाला पत्ता लागत नाही.

याला आपल्या घरातलाच दृष्टांत घ्या. वीज नव्हती तेव्हा प्रत्येक घरी कंदील होता. सातपुड्यातल्या पाड्यांवर तो अजूनही खुंटीला दिसतो. उजेड मंद झाला की सून काच काढून राखेने घासते. काच लख्ख होते. पण वातच काजळली असेल, तेलात पाणी शिरले असेल, तर नुसती काच घासून उजेड पडेल काय? भिंग ही काच होय. मागचा पडदा ही वात. आणि रक्तातील साखर म्हणजे तेलात शिरलेले पाणी. डॉक्टर काच बदलून देतात. वात पाहण्याचे कामही त्यांचेच. तेल मात्र ज्याने त्याने सांभाळावयाचे आहे.

म्हणून मधुमेह्याने शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना आवर्जून विचारावे, “माझा मागचा पडदा तपासला का?” डोळ्यात औषध घालून बाहुली मोठी करतात व पडदा पाहतात. सूज वा झिरप आढळली तर कधी अगोदर लेसर किंवा डोळ्यात इंजेक्शन द्यावे लागते आणि मग मोतीबिंदू काढतात. डोळ्यात इंजेक्शन म्हटले की माणूस हबकतो. पण ते डोळा बधिर करून देतात. त्याने भिऊन पळू नये. तसेच मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहू नये. ही पूर्वीची समजूत आहे. आज पिकू देण्याची गरज नाही. उलट मधुमेह्याचे भिंग फार गढूळ झाले तर डॉक्टरांना मागची वातच दिसत नाही. शिवाय अति पिकलेला मोतीबिंदू काढण्यास कठीण जातो आणि कधी डोळ्यात दाब वाढवून नवे संकट उभे करतो.

आता आजच्या निरूपणाच्या गाभ्याकडे येऊ. आमच्याकडे एक वृद्ध टाळकरी आहेत. आवाज खणखणीत, पाठांतर दांडगे. एका शिबिरात ते मोतीबिंदूसाठी गेले. रक्त तपासले. साखर फार वाढलेली. डॉक्टरांनी सांगितले, “बाबा, आज नाही. साखर आटोक्यात आणून या.” बुवा घरी आले आणि अंथरुणाला खिळल्यासारखे बसले. “मला नाकारलं. माझं नशीबच फुटकं. आता पुन्हा त्या दारात जायचं नाही.” घरचे लोकही म्हणाले, जाऊ द्या, वय झाले.

सज्जनहो, अंधारात जाणारी कितीतरी माणसे नेमक्या याच वळणावर हरवतात. रोगाने गाठले म्हणून नव्हे, तर ‘आज नाही’ या दोन शब्दांचा अर्थ त्यांनी ‘कधीच नाही’ असा घेतला म्हणून. डॉक्टरांनी का थांबविले ते समजून घ्या. साखर फार चढलेली असता जखम उशिरा भरते आणि डोळ्यात जंतू शिरले तर ते माजतात. ज्या डोळ्याने अंधुक का होईना दिसत होते तोच डोळा गमवावा लागेल असे भय असते. म्हणून थांबविले. पंढरीत गर्दी झाली म्हणजे दर्शनाची रांग थोपवितात. तेव्हा वारकरी घरी निघून जातो काय? तो रांगेतच बसतो, भजन म्हणतो, आपली पाळी येईतो जागा सोडीत नाही. शस्त्रक्रिया पुढे ढकलली तर तीही थोपविलेली रांगच समजावी.

मग त्या थांबण्याच्या काळात काय करावे? वारकऱ्याला नेम नवा नाही. माळ, एकादशी, वारी हे त्याने जन्मभर पाळले. त्यात आणखी एक नेम जोडावयाचा.

पहिला नेम औषधाचा. गोळी असो वा इन्सुलिन, वेळ चुकवू नये, आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने सोडू नये. तपासणीच्या आदल्या दोन दिवशी उपाशी राहून साखर ‘पाडण्याची’ युक्ती काहीजण करतात. ती युक्ती उपयोगाची नाही. एचबीएवनसी नावाची तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. तिच्यापुढे दोन दिवसांचे सोंग टिकत नाही. मात्र येथे आपल्या जिल्ह्यापुरते एक सांगून ठेवतो. सातपुड्यातील आदिवासी बांधवांत सिकलसेल हा रक्ताचा विकार पुष्कळ आढळतो. ज्याच्या रक्तात तो आहे त्याच्या बाबतीत ही सरासरीची तपासणी फसवी ठरू शकते. साखर आहे त्याहून कमी भासते. अशा माणसाने आपला सिकलसेल डॉक्टरांना अगोदर सांगावा, म्हणजे ते दुसऱ्या रीतीने पडताळा घेतील.

दुसरा नेम पायांचा. सुश्रुताचार्यांनी प्रमेहाच्या चिकित्सेत निर्धन रोग्यास मोठा नवलाचा उपाय सांगितला आहे. त्याने छत्री व पादत्राणाशिवाय, मुनीप्रमाणे संयमाने, भिक्षान्नावर राहून शंभर योजने चालावे, किंवा विहीर खणावी. पाहा, आपली पायी वारीच जणू त्यांनी लिहून ठेवली! चालण्याने साखर उतरते हे आजचे वैद्यकही मानते. परंतु अनवाणी चालण्याचा भाग मात्र आज घेऊ नये. जुन्या मधुमेहात तळपायाची संवेदना मंदावते, काटा रुतला तरी कळत नाही, आणि तेवढ्यावरून पाय गमावण्याची पाळी येते. चालावे, पण पायात मऊ पादत्राण घालून. आणि रात्री तळपाय घरच्यांकडून पाहून घ्यावे.

तिसरा नेम ताटाचा. आपल्या भागात ऊस आहे, पपई आहे, केळी आहेत, शिवारच गोड! ज्वारी-बाजरीची भाकरी चांगली. तथापि भाकरी म्हणून चार खाव्या असे नव्हे, कारण तिच्यातही पिष्ट आहेच. पालेभाजी, उसळ, वरण अधिक, भाकरी-भात मोजका. प्रसादाचे म्हणाल, तर प्रसाद कणभर घेतला तरी पूर्ण प्रसादच असतो. वाटीभर शिरा खाऊन ‘देवाचा आहे, बाधत नाही’ म्हणणाऱ्याने देवाला उगाच साक्षीला ओढू नये.

आता एकादशी. हा विषय नाजूक आहे, म्हणून शास्त्राच्या आधारेच बोलतो. धर्मशास्त्राने आतुर म्हणजे रोगी, वृद्ध व बालक यांस कडक उपवासातून मोकळीक दिली आहे. व्रताचा भंग न करणाऱ्या ज्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत त्यांत पाणी, फळ, दूध, गुरूचे वचन आणि औषध ही स्पष्ट आली आहेत. औषध घेतल्याने एकादशी मोडत नाही. पण इन्सुलिन टोचून पोट रिकामे ठेवले तर साखर एकदम खाली जाते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, भोवळ येते, आणि वेळीच गोड पोटात गेले नाही तर जिवावर बेतते. उलट साबुदाण्याची खिचडी पोटभर खाल्ली तर साखर वर उसळते. म्हणून एकादशी कशी करावी, डोस किती घ्यावा, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे आणि उरलेली एकादशी नामस्मरणाने व जागराने पुरी करावी. वारीत चालणाऱ्या मधुमेह्याच्या पडशीत साखरेची पुडी असलीच पाहिजे. ती चैनीसाठी नव्हे, जीव राखण्यासाठी.

एवढे नेम पाळून बुवा पुन्हा गेले, आणि या वेळी त्यांना आत घेतले. आत काय होते, याचेच लोकांना फार भय. तर ऐका. पूर्वी, सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात सांगितल्याप्रमाणे, कफज लिंगनाशात शलाका घालून तो अडसर दृष्टीच्या वाटेतून दूर सारीत. काळ अति उष्ण नसावा, अति थंड नसावा, असा निर्बंध होता. हिवाळ्यातच मोतीबिंदू काढावा ही समजूत तशाच जुन्या काळची. आज बारा महिने शस्त्रक्रिया होते. पुढे गढूळ भिंग बाहेर काढू लागले. पण भिंगाविना डोळा, म्हणून बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा आला. १९४९ साली लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली या शल्यवैद्याने डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसविले आणि ते युग पालटले. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेसारख्या प्लास्टिकचे कण गेले, पण डोळ्याने ते सोसले, हे पाहून त्याला ती कल्पना सुचली. आज डोळा थेंबांनी किंवा इंजेक्शनने बधिर करतात; माणूस जागा असतो; साधारण पंधरा-वीस मिनिटांत गढूळ भिंग काढून नवे बसवितात. तेवढा वेळ स्थिर पडून मनात नाम घ्यावे. ओठ हलवू नयेत, मान हलवू नये. त्या दिवशी सकाळी मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन घ्यावे की नाही, खावे की नाही, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावे. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असल्यास तीही सांगावी. मनाने बंद करू नये.

पैशाचा प्रश्न येतो. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि त्याखाली शासकीय रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया विनामूल्य होते. नंदुरबारला जिल्हा रुग्णालय आहे. २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरातून खाली येणे कष्टाचे आहे, हे मान्य. परंतु पंढरीला जाणाऱ्या पायांनी ते जड मानू नये.

शस्त्रक्रियेनंतरचे पथ्य हा अर्धा उपचार आहे. सुश्रुताचार्यांनीही रोग्यास उताणे निजावे, शिंक, खोकला, ढेकर, कंप यांपासून जपावे असे बजावले होते. आजचे नियम त्याच जातीचे आहेत. डॉक्टर सांगतील तितके दिवस डोळा चोळू नये. डोक्यावरून स्नान करू नये. डोळ्यात पाणी जाऊ देऊ नये. वजन उचलू नये. वाकून साष्टांग नमस्कार घालू नये. देव उभ्याने जोडलेले हात पाहतो. तापीत वा चंद्रभागेत बुडी नको. अबीर-बुक्का कपाळी लावण्यास कोणी आला तर हसून हात धरावा. दिंडीची धूळ आणि दर्शनाची रेटारेटी तूर्त टाळावी. आणि आपल्या नंदुरबारच्या लोकांनी मिरचीपासून विशेष जपावे. पथारीवर लाल मिरची वाळत असते तेव्हा वाऱ्यावरसुद्धा ठसका लागतो. नुकत्या कापलेल्या डोळ्याचे काय होईल? त्या दिवसांत पथारीच्या बाजूस फिरकू नये आणि घरात मिरची कांडू देऊ नये.

डोळ्यात टाकावयाचे थेंब पुष्कळदा महिना-दीड महिना असतात. हात साबणाने धुऊन मगच घालावेत. नातवाला हे काम द्यावे. आजोबांची अशी सेवा त्याला पुन्हा कधी मिळणार? डोळा दुखू लागला, लाल झाला, पू येऊ लागला किंवा दिसू लागलेले पुन्हा कमी दिसू लागले, तर उद्यावर ढकलू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आणि साखरेचा नेम पट्टी निघाली म्हणून सुटत नाही. मागची वात अजून सांभाळावयाची आहे. तिच्यासाठी दर वर्षी एकदा पडदा तपासून घ्यावा, दिसत असले तरी.

आता एक कठीण गोष्ट सांगतो. शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी प्रत्येक मधुमेह्याला लख्ख दिसेलच असे नाही. काच स्वच्छ झाली. पण वात अगोदरच जळून गेली असेल तर उजेड तेवढाच पडणार. शेजारणीला सुईत दोरा ओवता येऊ लागला आणि मला नुसता दरवाजा दिसतो, असे झाले तर खचू नये आणि डॉक्टरांस दोषही देऊ नये. दरवाजा दिसणे ही लहान गोष्ट नव्हे. ज्याला दरवाजा दिसतो तो ठेचकाळत नाही, अंगणात एकटा जातो, माणूस ओळखतो. आमच्या टाळकरी बुवांचे असेच झाले. बारीक अक्षर त्यांना अजून लागत नाही. पण दिंडीत पुढच्याची पावली दिसते आणि टाळ बरोबर पडतो. ते म्हणतात, “पोथी पाठ आहे महाराज, पाय दिसायला पाहिजे होते, ते दिसतात.”

आणि दीर्घ व्याधी असली म्हणजे आयुष्य संपले असे मानणाऱ्यांनी आपल्याच महाराष्ट्रातील एका नेत्रवैद्याकडे पाहावे. लातूर जिल्ह्यातील माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. त्यांच्या आईने स्वतःचे मूत्रपिंड त्यांना दिले. त्या उसन्या बळावर त्यांनी एक लाखाहून अधिक मोतीबिंदू शस्त्रक्रिया केल्या. २००८ साली त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांची औषधे आणि पथ्य काही सुटले नव्हते. व्याधी अंगावर वागवीत त्यांनी दुसऱ्यांना उजेड दिला. एका आईच्या दानाचा प्रकाश किती घरांत गेला, याचा हिशेब कोणी करावा?

आपल्या जिल्ह्यात तापी व गोमाई यांच्या संगमावर प्रकाशा नावाचे क्षेत्र आहे. लोक त्यास दक्षिण काशी म्हणतात. तापी ही सूर्याची कन्या, असे पुराणे सांगतात. आणि सूर्य विराट पुरुषाच्या नेत्रापासून झाला, असे पुरुषसूक्त सांगते. म्हणजे ज्या नदीच्या काठी आपण राहतो तिचे माहेरच डोळ्यात आहे! तिच्या काठच्या माणसाने टळणाऱ्या अंधारात बसून राहावे, हे शोभत नाही.

तेव्हा वाचकहो, एवढेच करा. आपल्या गावात, आपल्या दिंडीत, ‘आज नाही’ ऐकून परत आलेला कोणी मधुमेही असेल तर त्याला शोधा. त्याचा हात धरा, त्याच्या नेमाला सोबत द्या आणि पुढच्या तारखेला त्याला दवाखान्याच्या दारापर्यंत पोचवा. तुमची ती वारी पांडुरंगाच्या दप्तरी खचित जमा होईल.

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!